रडं ऐकायचं यंत्र

आक्का आणि मी एकाच दिवशी कापडाच्या कारखान्यात लागलो आणि दुसऱ्याच महिन्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तिला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ती मला काय म्हणाली ते तर मुळीच नाही. पण त्या भांडणात आवाज असा कुणाचाच निघाला नाही. मागांचा खडखडाट चालू असला की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी तिला ओ की ठो कळत नाही. म्हणून मागावरच्या बाया ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, तोंड तेवढं मोठं आणि सावकाश हलवायचं, अडलंच तर हातांनी भर घालायची. भांडायलाही हीच पद्धत. घसा बसत नाही, एवढा एक फायदा.

नवीन आलेली मुलगी महिनाभरात शिकायची. मग मागांच्या चार रांगा ओलांडून कुणाच्या सासूनं काय दिवे लावले ते तिला कळायचं. मुकादम पाठ फिरवून उभा राहिला की आम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि तो वळला की सगळ्या साळसूद. मालक पाहुण्यांना कारखाना दाखवताना अभिमानानं सांगायचा, "आमच्या बायका कामाच्या वेळी तोंड उघडत नाहीत." त्याच्या मागे उभं राहून आक्कानं त्यावर जे म्हटलं त्यानं मला हसू आवरेना, आणि मला दिवसभर गोदामात कोंडून ठेवलं.

मी कांड्या भरायला होते. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालतात त्या लहान नळीवर सूत गुंडाळायचं, त्याला कांडी भरणं म्हणतात. ते काम पलीकडच्या खोलीत चालायचं आणि मध्ये चांगली जाड भिंत होती. भरलेली टोपली मागांपाशी नेऊन ठेवायची, एवढाच माझा त्या आवाजाशी संबंध. त्या भिंतीनं माझे कान राखले. आक्का मात्र ऐन तारुण्यापासून केस पिकेपर्यंत मागांच्या मधोमध उभी होती. ती मला कांडी म्हणायची, अजून म्हणते. माझ्या अंगकाठीवरूनही म्हणत असेल, मी कधी विचारलं नाही.

कारखान्यातली खोड घरी आली. आमच्या वस्तीत कुणी कुणाला मागून हाक मारत नाही. आधी खांद्याला हात लावायचा, मग समोर यायचं, मग बोलायचं. पोरंसुद्धा त्याच वळणानं वाढली. आक्काचा नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा तिनं मागाशेजारी सुताच्या खोक्यात निजवून वाढवला. त्याला भूक लागली की तो आईची हनुवटी दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवायचा आणि मग तोंड उघडायचा. बघणाऱ्यांना मोठं कौतुक वाटायचं. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, चांगला कमावता झाला, पण आईशी बोलायचं म्हणजे तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, हे त्याच्या अंगातून गेलं नाही.

मग कारखाना दुसरीकडे हलला आणि आक्का घरी बसली. घरी बसणं तिला जमेना. भिंती पुसायची, पुसलेल्याच पुन्हा पुसायची. मला म्हणायची, "कांडे, हात नुसते लटकतात गं." मुलाचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला जायची, घरात दिवसभर आक्का आणि घड्याळ. त्यात नात झाली. बाहुलीएवढी होती म्हणून आक्का तिला ठकी म्हणाली आणि तेच नाव चिकटलं. कागदावर काहीतरी लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही.

ठकी आल्यापासून आक्का माणसात आली. चार महिन्यांनी सुनेची रजा संपत आली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, पोरीला पाळणाघरात ठेवायचं की कसं. आक्का तावातावानं माझ्याकडे आली. "पाळणाघर? मी काय मेले?" मी म्हटलं, मेलीस तर आधी मला सांग. ती हसली नाही. म्हणाली, "ही पोर गेली ना दिवसभर, तर मी खरंच वेडी होईन." तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. नवरा गेला तेव्हाही ती अशी दिसली नव्हती.

सून वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे मला तिचा राग येणार आहे. मागावरच्या घरातली नव्हती, बाहेरची. बोलायची भराभर, तोंड अर्धं मिटून, तेही चालता चालता. आक्काला तिचं बोलणं कळायचं नाही आणि आक्का त्याचा दोष सुनेच्या माहेरच्यांना द्यायची. "शब्द गिळते मेली. पोटभर जेवायला देत नसतील." तर ही सून म्हणाली, ठकीला तुमच्यापाशी ठेवते, पण घरात एक बेबी मॉनिटर आणायचा.

ती बैठक माझ्यासमोर झाली. घर म्हणजे खाली एक खोली आणि वर एक. खाली शेगडी, मोरी, आणि थेट रस्त्यावर उघडणारं दार. दाराशी दिवसभर ट्रकांचा धूर. म्हणून ठकीचा पलंग वर, लाकडी जिना चढून. आक्काचं काम सगळं खाली. सुनेनं मोबाइलवर चित्र दाखवलं. दोन डब्या. एक बाळाच्या उशाशी ठेवायची, एक आपल्यापाशी. बाळानं हूं केलं की आपल्या डबीत ऐकू येतं, शिवाय दिव्यांची एक ओळ असते. थोडं रडलं तर एक-दोन हिरवे, मोठ्यानं रडलं तर लालपर्यंत सगळे.

"रडं ऐकायला यंत्र," आक्का म्हणाली. "मग गाणं म्हणायला एक आण, झोका द्यायला एक आण. मला पेटीत घालून ठेव."

मुलगा हसला. मीही हसले आणि त्या यंत्राचं नाव रडका डबा ठेवून टाकलं.

"आई, तसं नाही," सून म्हणाली. "तुम्ही मोरीत असता, नळ चालू असतो, वरचं ऐकू येत नाही. मला स्वतःलासुद्धा येत नाही."

"तुला येत नसेल. मी याला मागांच्या खडखडाटात वाढवलंय. तिथं कुणी दिला होता डबा?"

शेवटी सुनेनं लहान मुलांच्या डॉक्टरला विचारलं. आक्का सोबत गेली होती. डॉक्टर भला माणूस, आक्काकडे तोंड करून सावकाश बोलायचा. तो म्हणाला, मूल ठणठणीत आहे, घर लहान आहे, आजी घरात आहे. अशा घराला मॉनिटरची गरज नाही. उलट आयांचं लक्ष दिवसभर त्या दिव्यांतच अडकतं, बाळानं कूस बदलली तरी धावतात, झोप उडवून घेतात. आजीसारखं यंत्र नाही. आक्का त्याच्या प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर देत होती. त्या डॉक्टरचं काही चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. त्यानं सांगितलं ते शंभर घरांना लागू आहे. फक्त आजीला ऐकू येतं का, हे त्यानं विचारलं नाही, आणि समोर घडाघडा बोलणाऱ्या बाईला कोण कशाला विचारेल?

सुनेनं हट्ट सोडला आणि कामावर जायला लागली.

पुढचे काही आठवडे आक्काचे पाय जमिनीला लागत नव्हते. गल्लीत येईल त्याला सांगायची, "माझी ठकी गुणाची. रडं म्हणून नाही. दिवसभर पलंगात निजते नाहीतर छताकडे बघत खेळते." संध्याकाळी सून आली की पोर भोकाड पसरायची, ते आम्हालाही गल्लीत ऐकू यायचं. आक्का म्हणायची, "आईपाशीच सगळा कांगावा. माझ्यापाशी बघ कशी राहते." सून पोरीला घेऊन वर जायची. एकदा मात्र ती मला रस्त्यात भेटली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, माझ्याकडेच का रडते हो ती? मी दिवसभर नसते म्हणून राग धरत असेल का?" मी तिला म्हटलं, अगं पोरं सगळी अशीच. दुसरं काय म्हणणार?

मग एका दुपारी मी आक्काकडे गेले. जाताना गल्लीच्या तोंडाशीच ठकीचं रडणं ऐकू आलं. मला वाटलं आक्का पाणी भरायला गेली असेल. दार उघडंच होतं. आक्का दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती आणि वाटाणे सोलत होती. घाई नाही, गडबड नाही. वरून पोर फुटून रडत होती. मी दारातूनच ओरडले, "आक्का!" तिनं एक शेंग मोडली, दाणे काढले, साल बाजूला टाकली. मी समोर गेले तेव्हा तिनं मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गं. ठकी निजलीय."

मी जिना कसा चढले मला ठाऊक नाही. पोर लालभडक झाली होती, ओलीचिंब होती, घसा बसून नुसता खरखर आवाज निघत होता. मी तिला उचललं. आक्का मागून गुडघे धरत आली आणि ठकीचं तोंड पाहून म्हणाली, "उठली वाटतं आत्ताच."

मी ठकीला कोरडं केलं, शांत केलं, निजवलं. मग खाली आलो तेव्हा मी मुद्दाम आक्काच्या पाठीमागे उभी राहिले आणि पहिल्या भांडणात म्हटलं होतं ते सगळं, एक शब्द न गाळता, मोठ्यानं म्हटलं. ती फळीवर डबे लावत राहिली. समोर जाऊन मी तिला सांगितलं, आक्का, तुला ऐकू येत नाही.

ती आधी चिडली. म्हणाली, ट्रकचा भोंगा ऐकू येतो, दार आपटलं की ऐकू येतं, तुझी बडबडही येतेय. मी म्हटलं, माझी बडबड तुला दिसते. ठकीचा बारीक आवाज तुला येत नाही, ती केव्हाची ओरडत होती. आक्का खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हणजे ती रोज रडत होती?" मी मान डोलावली. "माझ्यापाशीही?"

ती ओक्साबोक्शी रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. असल्या वस्तीत, जिथं मागून हाक मारायची रीतच नाही आणि सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात, तिथं एखादीचे कान हळूहळू गेले तर कुणाला कळणार? तिचं तिलाच कळलं नव्हतं.

मी म्हटलं, आता मुलाला सांग आणि तो रडका डबा आणायला लाव. त्याला दिवे असतात, दिवे तर दिसतात ना तुला? आक्कानं डोळे पुसले. "ज्या तोंडानं नको म्हटलं त्याच तोंडानं माग म्हणतेस? सून काही दूधखुळी नाही. ती विचारेल, काल का नको होता? आणि मग पोरीला उचलून नेईल." माझा हात तिनं इतका घट्ट धरला की दुखला. "कांडे, कुणाला सांगू नकोस. मी काहीतरी करते."

तिनं काय केलं ते मला दोन-तीन दिवसांनी दिसलं. कारखाना हलला तेव्हा आम्ही प्रत्येकीनं थोडं सूत घरी आणलं होतं. त्यातला चांगला पिळदार धागा तिनं ठकीच्या पायाला, मोज्यावरून, घोट्याशी बांधला होता. तिथून पलंगाच्या कठड्यावरून, जिन्याच्या फटीतून तो खाली यायचा आणि आक्काच्या मनगटाला गुंडाळलेला असायचा. बाळ रडतं तेव्हा पाय झाडतं. पाय झाडला की धागा ओढला जायचा आणि आक्का हातातलं टाकून वर जायची. मागावर असताना हजार धाग्यांतला एक सैल पडला तरी तिच्या बोटांना कळायचं, मग हा तर एकच धागा. गाठसुद्धा तिनं विचार करून मारली होती, कितीही ओढली तरी आवळत नाही अशी. मी बोट घालून पाहिलं, बोट सहज जात होतं. सून-मुलगा यायच्या आत ती धागा सोडून, गुंडाळून ठेवायची.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते यंत्रापेक्षा भारी वाटलं. विजेचं काम नाही, दिव्यांचं काम नाही, पोरीच्या पायापासून आजीच्या नाडीपर्यंत एक धागा. आम्ही दोघी आयुष्यभर सुतावर जगलो होतो. सूत आम्हाला दगा देईल असं आमच्या मनातही आलं नाही.

आणि महिना-दीड महिना सगळं ठीक चाललं. ठकीचा घसा बसेनासा झाला, संध्याकाळी सुनेपाशीही ती कमी रडायला लागली. आक्काचं बढाया मारणं बंद झालं, तेवढाच काय तो फरक. कुणी ठकीचं कौतुक केलं की ती नुसती मान हलवायची.

थंडी वाढली तसे ठकीच्या पायांत दिवसरात्र जाड मोजे आले. पाय झाडून झाडून धागा झिजत होता आणि त्याचे केसाएवढे बारीक तंतू सुटत होते. गाठ जिथल्या तिथे होती. पण त्यातला एक तंतू तुटून मोज्याच्या विणीतून आत गेला आणि ठकीच्या करंगळीभोवती गुंडाळला गेला. पाय हलेल तसा तो आवळत गेला. पायाची करंगळी ती केवढी, वाटाण्याच्या दाण्याएवढी.

त्या संध्याकाळी सून आली तेव्हा पोर रडत होती. रात्रभर रडली. सुनेनं पोट चोळलं, कान पाहिले, औषधाचे थेंब दिले. गारठा होता म्हणून मोजे काढले नाहीत. सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "हे रडणं वेगळं आहे. आज हिला डॉक्टरकडे नेऊ या." मुलानं आईच्या समोर जाऊन विचारलं. आक्का म्हणाली, "दात येत असतील. मी आहे ना." अनुभवी माणसाचा शब्द तो. दोघं कामावर गेले.

दिवसभर धागा ओढला जात होता. आक्का दिवसभर जिना चढत-उतरत होती, शेवटी तर वरच बसून राहिली, ठकीला मांडीवर घेऊन. तिनं काही म्हणजे काही हयगय केली नाही. पण रडण्या-रडण्यात फरक असतो. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, आणि जीव कासावीस झाल्याचं वेगळं. ते कानालाच कळतं. धाग्याला फक्त पाय हललेला कळतो. आक्काला दिसत होतं ते एक उघडं तोंड, रोजच्यासारखंच. आणि हेही सांगून ठेवते, त्या डबीतल्या दिव्यांनीही तिला यापेक्षा जास्त काही सांगितलं नसतं.

संध्याकाळी सुनेनं आल्या आल्या मोजा ओढून काढला. करंगळी काळीनिळी पडली होती.

दवाखान्यात मीही गेले. डॉक्टरांनी भिंगाखाली चिमट्यानं तो तंतू काढला, पण उशीर झाला होता. करंगळी वाचली नाही. सून बाकावर माझ्या शेजारी बसली होती आणि आदल्या रात्री ठकी कशी कशी रडली ते मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मी मोजा का नाही काढला, मी मोजा का नाही काढला, असं म्हणत तिनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. मला तिचे हात धरून ठेवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले. ठकीला मांडीवर घेताना आक्कानं पायाची गाठ सोडली होती, पण पुढच्या धांदलीत धागा गुंडाळून ठेवायचा राहून गेला होता. सुनेला तो पलंगाच्या कठड्याला सापडला. तिनं तो ओढायला सुरुवात केली. ओढत ओढत ती जिन्यावरून खाली आली, आणि तो येतच राहिला, शेगडीपर्यंत. आम्ही तिघं खाली होतो. ती आक्कासमोर उभी राहिली आणि मूठभर सूत तिच्यापुढे धरलं.

"आई, हे काय आहे?"

आक्कानं मनगट पदराखाली घेतलं.

"तू तिला बांधून ठेवत होतीस?" मुलगा म्हणाला. "गुरासारखं?"

"मला दुपारची डुलकी लागायची," आक्का म्हणाली. "म्हणून बांधलं होतं."

मी तोंड उघडलं. आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, काही बोलू नकोस, त्यांना मी आळशी वाटू दे. सुनेला त्यातलं काही कळलं नाही. पण मुलगा सुताच्या खोक्यात वाढलेला. तो ओठ वाचायला चालायच्या आधी शिकला होता. त्याचा चेहरा पडला.

"काय वाटू दे?" त्यानं मला विचारलं. "मावशी, काय बोलायचं नाही?"

मी सांगून टाकलं. सगळं सांगितलं.

मुलगा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सून उभीच होती. तिनं पहिल्यांदाच सावकाश, तोंड नीट उघडून, सासूला कळेल असं विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू पोरीला पाळणाघरात नेली असतीस."

मला वाटलं आता सून म्हणेल, नाही हो आई, नसती नेली, तो डबा आणला असता, तुमच्यापाशीच ठेवली असती. कुणीही म्हटलं असतं. एवढ्या वेळी खोटं बोलायला काय जातं?

"हो," सून म्हणाली. "नेली असती."

मला तिचा इतका राग आला की मी उठून दारात जाऊन उभी राहिले. आक्काला मात्र राग आला नाही. ती नुसती मान हलवत राहिली. आपली भीती खोटी नव्हती, एवढं तिला कळलं, आणि त्या खऱ्या भीतीपायी काय झालं तेही तिच्यासमोरच होतं.

ठकी आता पाळणाघरात जाते. सून रोज संध्याकाळी तिला आक्काच्या मांडीवर देते, पण स्वतः तिथून हलत नाही. पाणी प्यायला उठली तरी पोरीला उचलून घेऊन उठते. मुलगा मोठमोठ्यानं बोलायला लागलाय, त्याचा उपयोग नाही हे माहीत असूनही. आक्काला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं सांगितलं, आतली नस गेली आहे, यंत्र लावलं तर थोडा फायदा होईल. यंत्र लावलं. पहिल्या दिवशी ती आशेनं ठकीच्या तोंडाशी कान नेऊन बसली होती. भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला, रस्त्यावरच्या ट्रकनं तर तिला दचकवलं. ठकीचा नाही आला. संध्याकाळी तिनं यंत्र काढून कोनाड्यात ठेवलं.

परवा मी गेले तर एकटीच बसली होती. मी समोर बसले.

"कांडे, ठकी रडते कशी गं?"

"सगळी पोरं रडतात तशी."

"तसं नको. नीट सांग."

मग मी सांगितलं. भूक लागली की आधी कुरकुरते, थांबते, कुणी येतंय का बघते, आणि कुणी नाही आलं की एकदम चढ्या आवाजात सुरू करते. झोप आली की लांब, कंटाळल्यासारखं रडते, मध्येच विसरून जाते. आवाज बारीक आहे, पण खणखणीत. आक्का माझ्या ओठांवरची नजर न हलवता ऐकत होती. "याचा पण असाच होता," ती म्हणाली, मुलाबद्दल. "बारीक पण खणखणीत." तिला बरं वाटलेलं दिसलं.

"आणि त्या दिवशी? त्या दिवशी कशी रडत होती?"

ते मला माहीत होतं. दवाखान्यातल्या बाकावर सुनेनं मला सगळं सांगितलं होतं. मी उठले, दाराकडे तोंड केलं आणि चपला घालायला लागले. मागून आक्का विचारत होती, "कांडे, सांग ना गं."